आवाज पाळणाऱ्या काकू

खोली बघायला गेलो तेव्हा काकूंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. उंबऱ्यात उभं राहून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घोरतोस का?"

"नाही," मी जरा अभिमानानेच सांगितलं. चार वर्षं हॉस्टेलात काढलेली होती, तेवढी खात्री होती.

"अरेरे," काकू खरंच हळहळल्या. "घोरणारा असता तर बरं झालं असतं. बरं, असू दे. ये आत."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. बुलढाण्याकडून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. बोईसरला पश्चिमेकडे, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, काकूंचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत काकू आणि काका, मागच्या खोलीत मी, न्हाणीघर सगळ्यांचं एकच. घर स्वच्छ होतं, परसात पाण्याची टाकी होती, कारखाना सायकलवर दहा मिनिटं. आणखी काय पाहिजे, असं म्हणून मी त्याच संध्याकाळी बॅग आणून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातल्या हौदात तांब्या बुडवला, तर तांब्याबरोबर मुठीएवढा एक बेडूक वर आला आणि माझ्या छातीवर उडाला. मी ओरडतच बाहेर पळालो. अंगावर टॉवेल होता हे नशीब.

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ आत जाऊन खाली वाकून शोधू लागल्या. "लागलं नाय ना रे त्याला? कुठं गेला? हा बघ, बादलीमागं हाय."

"काकू, हौदात बेडूक आहे!"

"हाय की. मी आणलाय. आंघोळीचं पाणी बाजूच्या पिंपातून घ्यायचं, हौदातून नाय. काल सांगायचं राहिलं."

"पण कशाला आणलाय?"

"ओरडतो म्हणून," काकू म्हणाल्या. मला कसं कळत नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं. मग त्यांनी झारी घेतली आणि हौदाच्या कडेला लावलेल्या शेवाळावर पाणी शिंपडलं. मिनिटभराने आतून आवाज आला, घसा खाकरल्यासारखा, मग लागोपाठ. काकू मान वाकडी करून ऐकत राहिल्या. "नर हाय. मादी बोलत नाय. चिंचणीच्या भातशेतातनं निवडून आणलाय."

मी ओल्या अंगाने तिथे उभा होतो. ही बाई वेडी आहे, हे मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. पुढे वर्षभर तसं समजायला मला कधी अडचण आली नाही.

कारण तो बेडूक म्हणजे नुसती सुरुवात होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरीषाच्या वाळक्या शेंगांचे झुबके टांगलेले होते, वारा आला की त्या खुळखुळायच्या. पुढच्या पडवीत नारळाच्या झावळ्या अशा बांधलेल्या होत्या की त्या सतत एकमेकींना घासत राहाव्यात. बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्याला बारीक भोक पाडलेलं, आणि त्यातून थेंब थेंब पाणी खाली ठेवलेल्या पितळी परातीत पडायचं. काकू दिवसातून चार वेळा तिवईखाली लाकडाची चकती सरकवून माठाची उंची बदलायच्या. "दोन बोटं वर गेला की थेंब रुसतो," असं म्हणायच्या. आणि कपाटाशेजारी एक मडकं होतं, तोंडाला मलमल बांधलेलं. त्यात काय आहे हे मी विचारलंच नाही. आठवड्याने कळलं. त्यात रातकिडे होते. त्यांना काकडीच्या चकत्या आणि भाताची शितं मिळायची.

हे रातकिडे काकू मनोरच्या बाजारातून आणायच्या. डोंगरातून रानभाज्या विकायला येणाऱ्या एका बाईशी त्यांचं ठरलेलं होतं. मी एकदा त्यांच्याबरोबर होतो. ती बाई पानाच्या द्रोणाला दोरा गुंडाळून बसली होती. शेजारची एक विक्रेती तिला म्हणाली, "तुजी किड्याची गिऱ्हाईक आली बग," आणि सगळा रस्ता हसला. काकूही हसल्या. द्रोण कानाला लावून ऐकला आणि म्हणाल्या, "दोन मेलेत. बाकीचे बरे हायत."

याशिवाय एक जुना मोबाइल कायम चार्जिंगला लावलेला असायचा, त्याला एक छोटा स्पीकर जोडलेला. त्यातून पाऊस, समुद्र, जंगल, काय काय चालू असायचं. पण त्या यंत्रावर काकूंचा विश्वास नव्हता. "डब्यातला आवाज हाय तो," म्हणायच्या. "वीज गेली की मुका. आणि एक पक्षी दर दहा मिनिटांनी तसाच ओरडतो. कानाला कळतं ते. एकदा कळलं की संपलं."

काय संपलं, ते मी विचारलं नाही. काकूंच्या बोलण्यात अशी अर्धी वाक्यं पुष्कळ असायची. "कानालाबी भूक लागते." "घर मुकं ठेवायचं नाय." गल्लीतले लोक त्यांना तोंडावर मान द्यायचे आणि पाठीमागे 'बेडूकवाली' म्हणायचे. त्यांची मुलगी विरारला होती, ती महिन्यातून एकदा यायची आणि दर वेळी भांडून जायची. एकदा तर तिने शेंगांचे झुबके ओढून अंगणात फेकले. "माझी सासू येणार होती इथं, मी तिला कशी आणू?" ती ओरडली. काकू एक शब्दही उलटून बोलल्या नाहीत. मुलगी गेल्यावर त्यांनी एकेक शेंग वेचून पुन्हा दोऱ्यात ओवली.

मला कीव यायची ती काकांची.

काका म्हणजे अत्यंत सभ्य माणूस. कापडाच्या एका कारखान्यात कंप्रेसरच्या खोलीत सव्वीस वर्षं काम करून घरी बसले होते. उंच, वाकलेले, स्वच्छ पांढरा सदरा. दिवसभर माठाजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. बोलणं कमी, तेही हळू. या एवढ्या कल्लोळात हा माणूस कसा जगत असेल, असं मला रोज वाटायचं. बायकोपुढे बोलायची सोय नसेल बिचाऱ्याची. एकदा मी त्यांना पेपर वाचून दाखवत होतो, तेव्हा मध्येच ते म्हणाले, "शांत म्हंजे काय असतं ते मी इसरलो, बाबा."

त्यांनी ते हसून म्हटलं. मी ते काकूंविरुद्धची तक्रार म्हणून मनात ठेवून दिलं.

वर्ष सरत आलं तेव्हाची ही गोष्ट.

शुक्रवार होता. माझी सुट्टी. तीन रात्रपाळ्या करून आलो होतो आणि डोकं फुटत होतं. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची, ती सकाळीच गेली होती, म्हणजे पंखे बंद आणि तो मोबाइलचा स्पीकरही बंद. काकू माकुणसारला माहेरी निघाल्या होत्या, भाच्याचा साखरपुडा होता. जाताना मला त्यांनी तीनदा बजावलं. "माठात पाणी भरत राहा. थेंब थांबला नाय पाहिजे. खिडकी उघडी ठेव. मी चारच्या गाडीनं येते."

"हो काकू."

"विसरणार नाय ना?"

"नाही हो."

त्या गेल्या. मी मागच्या खोलीत आडवा झालो. परातीत टप टप, मडक्यात किर्र किर्र, झावळ्यांची खसखस. झोप येईना. पुढे येऊन बघितलं तर काका खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले. आणि मला एकदम वाटलं, की आज ही बाई घरात नाही. निदान आज तरी या माणसाला चार तास निवांत मिळू देत.

मी माठाच्या भोकात चिंधी कोंबली. रातकिड्यांचं मडकं उचलून परसात, पार टाकीमागे नेऊन ठेवलं. झावळ्या सुतळीने करकचून बांधल्या, शेंगांचे झुबके उतरवले. खिडक्या लावून घेतल्या. घर असं गप्प झालं की माझ्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला.

काकांनी डोळे उघडले होते. माझ्याकडे बघत होते. "अरे..." म्हणाले आणि थांबले.

"काळजी करू नका काका. त्या यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवतो. तुम्ही झोपा निवांत."

काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मान हलवली. "बरं," म्हणाले.

मी किती समाधानाने झोपलो त्या दुपारी! एक चांगलं काम केल्यावर माणसाला जशी झोप लागते, तशी.

जाग आली ती धप धप अशा आवाजाने. एका लयीत. शेजारी कोणी काहीतरी कुटतंय असं वाटलं. कूस बदलली. आवाज भिंतीतून येत होता. आमच्याच भिंतीतून. मी उठून पुढच्या खोलीत गेलो.

काका भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि कपाळ भिंतीवर आपटत होते. सावकाश, जोर लावून, पुन्हा पुन्हा. त्यांच्या उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो त्यांनी कानात घातला होता. कानातून निघालेलं रक्त मानेवरून त्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये उतरलं होतं.

मी जागच्या जागी थिजलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग धावलो, मागून त्यांचा हात धरला. त्या वाकलेल्या म्हाताऱ्या माणसात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही दोघे खाली पडलो, स्क्रू ड्रायव्हर पलंगाखाली गेला.

"सोड," काका म्हणाले. ओरडले नाहीत. विनवणीच्या सुरात म्हणाले. "काढून टाकतो तिला. एकदाच काढतो."

"कोणाला? काका, कोणाला?"

"शिट्टी."

मला काही कळेना. बाहेर कुठलीच शिट्टी वाजत नव्हती. घरात तर कसलाच आवाज नव्हता.

"थेंब," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही कान हातांनी दाबले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "थेंब चालू कर रे. पाया पडतो तुज्या."

माझ्या पायांशी हात आणला त्यांनी. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

मी उठून माठाकडे धावलो. घाईघाईत चिंधी ओढताना माठच तिवईवरून कलंडला आणि फुटला. परसात गेलो, मडकं आणलं, पण इतक्या हालचालीने रातकिडे गप्प झाले होते. खिडक्या उघडल्या तर वारा पडलेला. झावळी हलेना. हौदातला बेडूक काकूंनी पावसाळा सरल्यावर शेतात सोडून दिला होता. वीज नव्हती. जुन्या मोबाइलची बॅटरी कधीच मेली होती, आणि माझा स्वतःचा मोबाइल रात्रपाळीत उतरला होता तो तसाच. त्या घरात काकूंनी भरून ठेवलेला एकेक आवाज मी माझ्या हाताने मारून टाकला होता.

शेवटी मी काकांना धरून न्हाणीघराशी नेलं, उंबऱ्यावर बसवलं, दोन बादल्या समोर ठेवल्या आणि तांब्याने एका बादलीतून दुसरीत पाणी ओतायला लागलो. उंचावरून. धार तुटू न देता. एक रिकामी झाली की दुसरीतून पहिलीत. काकांनी डोकं चौकटीला टेकवलं. हळूहळू त्यांचे हात कानांवरून खाली आले. मी थांबलो की पुन्हा वर जायचे. म्हणून मी थांबलो नाही.

मधे एकदा ते म्हणाले, "तुजी चूक नाय. मला वाटलं, बगू, आज जमतंय का. तुजं मन मोडवेना."

दीड तास मी पाणी ओतत होतो. दंड भरून आले, मग बधिर झाले. रडत होतो की घाम होता, मलाच कळत नव्हतं.

काकू आल्या. दारातूनच त्यांना फुटलेला माठ दिसला असणार. न्हाणीघराशी येऊन त्यांनी काकांचा सदरा बघितला, कपाळ बघितलं, मग मला बघितलं. साखरपुड्याला नेसलेलं चांगलं लुगडं त्यांनी गुडघ्यापर्यंत खोचलं, खाली बसल्या आणि माझ्या हातातून तांब्या घेतला. धार एकदाही तुटली नाही.

"तू हो बाजूला," म्हणाल्या. "डॉक्टरला बोलावून आण."

कानाच्या आतली कातडी सोलली होती, पडदा वाचला होता. कपाळाला टाके पडले. संध्याकाळी वीज आली, मोबाइलवर पाऊस सुरू झाला, काका गोळी घेऊन झोपले. मी माझी बॅग भरायला लागलो होतो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघालास?"

मी शर्ट बॅगेत कोंबत राहिलो.

"बस," त्या म्हणाल्या आणि स्वतःही उंबऱ्यावर बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा सगळं कळलं.

कंप्रेसरच्या खोलीत आवाज इतका, की तिथे माणसं खुणांनी बोलत. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेवढंच. नोकरी सुटायच्या आधी दोन वर्षं काकांच्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी. दिवसरात्र, एका सुरात. बाहेर आवाज असला की ती त्यात बुडायची. बाहेर गप्प झालं की ती एकटीच उरायची. काकांनी काकूंना सांगितलं, पण काकूंना ती शिट्टी ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांना ते खरं वाटलं नाही. मग वाटलं, माणूस थकलाय, याला शांतता पाहिजे.

"मी ह्यांना माकुणसारला नेलं," काकू म्हणाल्या. "माज्या भावाच्या वाडीत. तिथं कोण नाय, रस्ता नाय, गाडी नाय. पोरांना ओरडू देत नव्हते मी. कुत्रं पण दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधलं. सहा महिने. हे रोज वाळत चालले, आणि मी म्हणायचे, अजून आराम पाहिजे ह्यांना. एक दिवस विहिरीच्या काठावर सापडले. पाय आत सोडलेले. मी हाक मारली तर म्हणतात, खाली पाण्याचा पाझर वाजतो गं, तो ऐकतोय."

त्यांनी उंबऱ्यावरची धूळ हाताने झटकली.

"ऐकायलाच बसले होते का दुसऱ्या कशाला, मी अजून विचारलं नाय."

त्यानंतर पालघरच्या एका कानाच्या डॉक्टरने सांगितलं, यावर औषध नाही, पण घर शांत ठेवू नका. मोबाइलवर पाऊस, समुद्र असं काहीतरी मंद लावून ठेवा, निसर्गाच्या आवाजाने मन निवतं. बाकीचं सगळं काकूंनी स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं. कुठल्या थेंबाने काकांच्या कपाळावरची आठी जाते, कुठल्या किड्याने त्यांना झोप लागते, हे त्या त्यांच्या तोंडाकडे बघत शिकल्या होत्या.

"मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज चढला. स्वतःवरचा राग होता तो. "गल्लीला का नाही सांगत? मुलीला? सगळे तुम्हाला वेडी म्हणतात!"

"म्हणू देत. सांगितलं की लोक ह्यांच्याकडे बगत राहणार. ह्यांचं बोलणं-चालणं तपासणार. पोरगी पण. ज्याच्या कानात कोण नसताना शिट्टी वाजते, त्याला काय म्हणतात लोक? घरात वेडं एकच पुरे. ते मी होते."

मी बॅग परत रिकामी केली.

पुढे अडीच वर्षं राहिलो तिथे. नवा माठ मीच आणला, भोक पाडायला काकूंनी शिकवलं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर हिंडायचो. त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. काकूंनी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून हात पुढे धरलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मासे वाळत घालणाऱ्या एका कोळणीने मला विचारलं, "ही कोनाला फोन लावतंय?"

"आवाज भरून घेतायत," मी म्हणालो.

काकूंनी तिथूनच मान वळवली. "भरून नाय घेत. ह्यांना लावलाय."

फोन चालू होता, स्पीकरवर. बोईसरला घरी काका खुर्चीत बसून तो कानाशी धरून ऐकत होते. अर्धा तास काकू तशाच उभ्या होत्या, हात बदलत. भरून ठेवलेला समुद्र पुन्हा पुन्हा तोच येतो, हा समुद्र आत्ताचा होता. शेवटी फोनमधून काकांचा आवाज आला, "भरती लागली वाटतं. तू मागं सर आता."

कोळणीने ते ऐकलं. ती उठली, पाण्यात गेली आणि काकूंचा दंड धरून उभी राहिली, लाट जोराची येत होती म्हणून. 

नंतर मला हैदराबादला नोकरी लागली. फोन व्हायचे, सणासुदीला. गेल्या वर्षी काका गेले. हृदयाचं दुखणं होतं, झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं. कामातून निघता निघता दोन महिने गेले.

जाताना मी एक यंत्र विकत घेतलं. लहान मुलाच्या जेवणाच्या डब्याएवढं, बॅटरीवर चालणारं. त्यात शंभर आवाज होते, ओढे, पाऊस, समुद्र, तऱ्हेतऱ्हेचे पक्षी, आणि कुठलाही आवाज फिरून तसाच येत नाही असं दुकानदाराने सांगितलं होतं. काकूंना एकटेपणी सोबत होईल, त्या खूश होतील, असं मला वाटत होतं. रस्ताभर मी ते मांडीवर धरून आणलं.

काकूंनी दार उघडलं. हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, आत बोलावलं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबलो.

घरात काहीही नव्हतं. खिडक्या रिकाम्या, कोपरा रिकामा. पंखासुद्धा बंद. भिंतीवर घड्याळ होतं, ते थांबवलेलं.

मला वाटलं, दुःखाने यांनी सगळं टाकून दिलं.  मी पिशवीतून यंत्र काढलं. "काकू, तुमच्यासाठी. यात बघा..."

"लावू नको," त्या घाईने म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "लावू नको, बाबा. बस."

मी बसलो. काकू बोलायला लागल्या, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"मला कधीच आवडले नाय ते आवाज."

मी यंत्र खाली फरशीवर ठेवलं.

"खरं सांगते. एक पण आवडला नाय. माहेरी आमी नऊ भावंडं. मी भाताच्या कणगीमागं जाऊन बसायची, कोणाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. मला गप्प घर आवडतं. पहिल्यापासून." त्यांनी हातांची बोटं एकमेकांत अडकवली. "तेरा वर्षं माजं डोकं दुखत होतं. ह्यांना कळू दिलं नाय. कळलं असतं तर त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं असतं, आणि ते एकटे शिट्टी ऐकत बसले असते."

मी त्या घरात तीन वर्षांहून जास्त राहिलो होतो. या बाईच्या हातचं जेवलो होतो. तिला समुद्रात उभं राहिलेलं मी पाहिलं होतं. आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. एका क्षणी मला वाटलं, स्क्रू ड्रायव्हर पाहिला त्या दिवशीसुद्धा मी इतका हादरलो नव्हतो.

"त्यांना नेलं त्या दिवशी," काकू म्हणाल्या, "बायका रडायला आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, जा बायांनो. पोरीला पण म्हटलं, जरा वेळ बाहेर बस. मग एकेक करून सगळं बंद केलं. आणि इथं, या फरशीवर, आडवी झाले. तीन तास झोपले. नवरा जाऊन अर्धा दिवस झाला नव्हता, आणि मी अशी झोपले जशी लग्नाआधी झोपायचे. उठले तेव्हा इतकी लाज वाटली..."

 मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

"हे वाईट हाय का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

"दुःख नाय असं नाय. रोज सकाळी दोन कप चहा टाकते, मग एक ओतून देते. पण ते गेले, आता तरी..." त्यांनी तळहात हवेत सपाट फिरवला, सगळं घर दाखवल्यासारखा. "तू बसायचं तर बस. फक्त बोलू नको."

आम्ही बसलो. दुपार होती. कारखान्यांची पाळी सुटली असावी, दोन गल्ल्यांपलीकडच्या रस्त्यावरून माणसांचा गलबला आला आणि गेला. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. कुठेही ताण नव्हता, कुठे लक्ष लावलेलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांची मान एका बाजूला कलली. झोपल्या होत्या.

मी यंत्र पिशवीत परत घातलं. चपला हातात घेतल्या. फाटकाची कडी लोखंडी होती, जड आणि सैल. ती मी दोन्ही हातांनी उचलली, बाहेर आलो, आणि खोबणीत इतकी सावकाश टेकवली की माझं मलासुद्धा काही ऐकू आलं नाही.